मामा तलावावर हौशी गरीसाठी नियम कसे करायचे

पाऊस थांबून आभाळ निवळलं की आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर रविवारी गरी, म्हणजे गळ-दोरा, टाकणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. नागपूर, भंडारा, गोंदिया, कधी कधी रायपूरचीही पाटी दिसते. माणसं चांगली असतात, छत्री-खुर्ची घेऊन शांत बसतात, रॉड-रीलवर हजारो रुपये घातलेले असतात. मासा त्यांच्यासाठी हौस आहे आणि आमच्यासाठी घरचा तांदूळ. दोघांचाही मासा एकाच पाण्यातला, म्हणून नियम करावे लागले.

मी साकोली तालुक्यातल्या एका ढिवर मच्छीमार संस्थेचा सचिव आहे. आजूबाजूच्या संस्थांमधले लोक फोन करतात, "तुमच्या नियमाचा कागद पाठवा ना जी, आमी तसाच ठराव करून टाकतो." कागद मी पाठवतो, पण तसाच उचलू नका म्हणून बजावतो. नियम माशाच्या जगण्यावरून निघतो, आणि तुमच्या तलावात कोणता मासा कसा जगतो हे तुम्हालाच ठाऊक.

तेव्हा पहिलं काम म्हणजे यादी. गावातल्या जुन्या जाळेवाल्यांना, आणि झिंगे-बारीक मासळी धरणाऱ्या बायांना एकत्र बसवा. बायांना विसरू नका, काठच्या उथळ पाण्यातलं त्यांच्याइतकं कोणी पाहत नाही. जातींची नावं गावच्याच बोलीत लिहा आणि त्यांचे दोन ढीग करा.

एका ढिगात आपण बीज आणून सोडतो ते मासे: रोहू, कटला, मृगळ, कुठे ग्रास कार्प, सायप्रिनस. रोहू-कटला-मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यातले. आपल्या साचल्या तलावात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळू लागलं. त्याआधी नदीतून गोळा करून आणावं लागे. म्हणजे हौशी माणसानं आमच्या तलावातली रोहू नेली तर संस्थेच्या बोटुकलीचे, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचे, आणि वाढवण्याचे पैसे गेले. ते वजनावर वसूल करता येतात.

दुसऱ्या ढिगात तलावाचे स्वतःचे मासे: मरळ, दाडक, मांगूर, शिंगी, वाम, खवल्या. यांचं बीज कोणी सोडत नाही. हे इथंच अंडी घालतात, इथंच पिल्लं जगवतात. यातली एक मोठी मादी गेली तर पैसे देऊन तिची जागा भरत नाही. सगळी कडक कलमं या ढिगासाठी ठेवा. पहिल्याच बैठकीत बहुतेक गावं रोहूवर तासभर भांडतात आणि मरळीला दोन ओळींत उरकतात. ते उलटं करा.

नियम करायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. आपले तलाव माजी मालगुजारी. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, गावाचे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या वापराचे, हक्क राहिले. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिनं सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा आणि तोच ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्यावा. २००६च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्कही धरलेला आहे. गडचिरोली-गोंदियाकडे ज्या गावांना सामूहिक दावे मिळाले आहेत त्यांनी तो कागद ठरावाला जोडावा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, २००२च्या कायद्यानं. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तुमच्या माशांची यादी चढवून घ्या. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे, त्यासाठी ठरावाची वाट पाहायची गरज नाही. करंट लावणारा दिसला तर सरळ पोलिसात. आणि तलाव अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथं वनविभागाचा कायदा चालतो.

आता हंगाम. आमचा हंगाम नवरात्राचे घट बसल्यापासून अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बाकी वेळ गरी बंद. तारखा न लिहिता सण का लिहिले, तर गावात कोणालाही तारीख विचारावी लागू नये म्हणून. पाहुण्यांसाठी त्या वर्षीच्या तारखा फलकावर खडूनं लिहितो.

अखजीनंतर पाणी उतरतं, मासा मधल्या खोलगट भागात गोळा होतो, पाणी तापतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५च्या आसपास, आणि मे महिन्यातलं आमचं उथळ पाणी त्याहून गरम असतं. अशा पाण्यात झुंजवून सोडलेली रोहू पोहत गेलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी काठाला उलटी लागते. "आम्ही तर सोडूनच देतो ना, मग बंदी कशाला?" असं म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. उन्हाळ्यात सोडणं म्हणजे जगवणं नव्हे.

मृग लागला, नाले वाहू लागले की मासा तलावातून वर चढतो, नाल्यानं, धुऱ्यांच्या फटीतून धानाच्या बांध्यांमध्ये. आमच्या गावची एक आजी सांगते, "चढत्या माशाले हात नाही लावाव, थो पोटुशी राह्यते." हा नियम फक्त पाहुण्यांना लावून चालत नाही. नाल्यावर आडवं जाळं लावणारे आपलेच असतात, आणि ठरावात त्यांच्यासाठी कलम नसेल तर पाहुण्यानं आपलं का ऐकावं?

मरळीचा विणीचा काळ नीट पाहून घ्या, कारण हौशी गरीवाल्यांचं सगळं लक्ष तिच्यावर असतं. पावसाळ्यात देवधानाच्या आणि पाणगवताच्या आडोशाला नर-मादी मिळून गोल जागा साफ करतात, तिथं अंडी तरंगतात. पिल्लं निघाली की झुंडीनं वर येतात, श्वासासाठी. त्या वयात ती केशरी-लाल असतात, काठावरून पाहिलं तर पाण्यात शेंदूर सांडल्यावाणी दिसतं आणि तो शेंदूर हळूहळू सरकत राहतो. त्याच्या खाली आई-बाप असतात. थोडं थांबलं तर एखादा बुडबुडा, मग काळं डोकं वर येऊन हवा घेऊन जाताना दिसतं. अनुभवी गरीवाला त्या लालीच्या मधोमध रबरी बेडूक टाकतो. मरळ भुकेनं येत नाही, पिल्लांवर आलेल्याला हाकलायला येते, आणि अडकते. राखण गेली की कडेचे मासे त्या झुंडीवर तुटून पडतात. एक मासा नेला असं पावतीवर दिसतं, गेलेली असते अख्खी वीण. म्हणून हंगामात कितीही सूट द्या, पण पिल्लांच्या झुंडीवर गरी टाकायला कधीच परवानगी देऊ नका. सप्टेंबरातही उशिराची वीण सापडते, म्हणून आम्ही पोळ्याला न उघडता घट बसेपर्यंत थांबतो.

हंगाम ठरला की लांबी. "लहान सोडा, मोठे न्या" हे सगळ्यांना पटतं, पण ते अर्धंच खरं आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि अंडी वजनाच्या हिशेबानं वाढतात, काही जातींत त्याहूनही जास्त. दोन फुटांची एक मरळ म्हणजे एकेक फुटाच्या दोन मरळी नव्हेत. म्हणून आम्ही मधली पट्टी धरली: एक फूट ते दीड फूट. त्याच्या खालची परत, त्याच्या वरचीही परत. एक फूट का, तर मरळ साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे विणीला येते, आणि एक वीण तरी तिच्या वाट्याला यावी.

माझी पुतणी नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. पट्टीची गोष्ट सभेत मांडली तेव्हा ती उभी राहिली आणि समुद्रातल्या प्रवाळावरच्या माशांचं उदाहरण दिलं. ते मला फार उपयोगी पडलं. कोकणात हेकरू म्हणतात त्या कुळातला गोलायथ ग्रुपर हा अडीच मीटरपर्यंत वाढणारा मासा. अमेरिकेत तो इतका मारला गेला की १९९० साली धरायला पूर्ण बंदी आली. फ्लोरिडानं २०२३ मध्ये थोडी सूट दिली, तीही सोडत काढून, वर्षाला २०० मासे, आणि फक्त २४ ते ३६ इंचांमधले. त्याहून मोठे, म्हणजे विणीला आलेले, पाण्यातच राहिले पाहिजेत. या कुळातल्या कितीतरी जाती आधी मादी असतात आणि वय-आकार वाढल्यावर नर होतात. तिथं मोठा मासा वेचून काढला तर नरच उरत नाहीत. आपल्याकडेही महाकाय हेकरूला वन्यजीव कायद्यानं २००१ पासून संरक्षण आहे, आणि २०२३ साली महाराष्ट्रानं समुद्रातल्या ५४ जातींसाठी धरण्याची कमीत कमी लांबी ठरवली.

पण तिनंच पुढे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. मेक्सिकोच्या आखातात तांबोशीच्या कुळातला लाल स्नॅपर खोल पाण्यातून वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. म्हणून जानेवारी २०२२ पासून तिथं प्रवाळावरचे मासे धरणाऱ्या बोटीवर मासा परत खोलात उतरवायचं साधन किंवा पिशवीतली हवा काढायची पोकळ सुई जवळ असणं सक्तीचं केलं गेलं. सभेत एका पोरानं विचारलं, मग आपणही ती सुई ठेवायची का? आपला तलाव हत्ती बुडेल इतकाही खोल नाही. इथं सुई टोचली तर आपणच मासा मारू. त्यांच्याकडून घ्यायची ती विचार करायची रीत. हा मासा कधी विणतो, केवढा झाल्यावर विणतो, सोडल्यावर कशानं मरतो, हे तीन प्रश्न प्रत्येक जातीपुढे लिहा. उत्तरं आली की कलमं आपोआप सुचतात.

सोडल्यावर कशानं मरतो याचं आमच्याकडचं उत्तर बहुतेक वेळा गळ आणि हात हेच आहे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायला लावा. राखणदाराकडे पक्कड ठेवा आणि पावती फाडतानाच हे काम करून घ्या, नंतर कोणी करत नाही. तीन टोकांचा गळ बंद. गांडूळ लावून बसणाऱ्यांना गोल वळलेला गळ वापरायला सांगा. तो ओढताना जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, फक्त झटका न देता दोरा हळू ताणायचा. गळ पोटात गेलाच असेल तर ओढाओढी न करता तोंडाजवळ दोरा कापून सोडा. साध्या लोखंडाचा गळ पुढे गंजून पडून जातो, स्टेनलेसचा नाही, म्हणून स्टेनलेस नको.

हात ओले करूनच मासा धरायचा. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कवच, कोरड्या हातानं किंवा टॉवेलनं तो पुसला की तिथं बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उचलायचं नाही. मोठ्या माशाला फोटोसाठी जबड्यानं उभं लटकवायचं नाही, एक हात पोटाखाली पाहिजे. मरळ हवेतला श्वास घेते म्हणून ती पाळीवर बराच वेळ जिवंत दिसते, आणि लोकांना वाटतं तिला काही होत नाही. उन्हात तिची कातडी सुकते. मोजमाप पाण्याच्या काठाशीच झालं पाहिजे, म्हणून आम्ही सागाच्या फळीवर फूट-इंचांच्या रेघा रंगवून ती काठाला ठेवली आहे. फळी आधी पाण्यानं भिजवायची, तोंड एका टोकाला टेकवायचं, शेपटीच्या टोकापर्यंत पाहायचं, सोडायचं.

आमिषाला जिवंत बेडूक चालणार नाही. तो आमच्या बांध्यांमधले किडे खातो. कासव लागलं तर दोरा कापून लगेच सोडा. तुटलेला नायलॉन दोरा गोळा करून परत नेण्याची अट घाला. पायात दोरा गुंतून मेलेलं बगळ्याचं पिल्लू ज्यानं पाहिलं आहे तो या अटीवर वाद घालत नाही.

काही मासे मात्र परत सोडायचेच नाहीत. थायी मांगूर भारत सरकारनं २००० सालीच बंद केला, तरी कुठून कुठून येतो. अंगावर काळे-राखाडी डाग पसरलेले असतात आणि तो आपल्या मांगूरपेक्षा कितीतरी मोठा होतो. जे तोंडात मावेल ते गिळतो. तिलापिया तसाच हावरा नाही, पण इतका वाढतो की खवल्यांना जागा उरत नाही. हे लागले तर लांबीचं बंधन नाही, संख्येचं नाही, पावतीवर पैसे नाहीत, पण पाण्यात परत टाकले तर दंड. शंका असेल तर राखणदाराला दाखवा. कोणी घरच्या टाकीतले रंगीत मासे 'मोकळे करायला' आणले तर हात जोडून परत पाठवा.

एक कलम मी कोणत्याही गावाला वगळू देणार नाही. गावातला माणूस एक बांबूची काठी, एक गरी घेऊन संध्याकाळच्या भाजीपुरते मासे धरत असेल, तर त्याच्याकडून पावती घ्यायची नाही. बाया ओच्यात पोटापुरती बारीक मासळी नेत असतील तर त्यांना फळीवर मोजायला लावायचं नाही. विणीच्या बंदीत आणि झुंडीच्या नियमात मात्र सगळे सारखे. हौशी माणसाला नियम चुकला तर त्याचा रविवार जातो, गरिबाला तोच नियम लावला तर त्याचं जेवण जातं. हा फरक ठरावात शब्दांत लिहा, तोंडी सोडू नका.

आमच्या फलकावरचा मजकूर असा आहे:

"गरी टाकण्याआधी पावती घ्यावी. हंगाम घट ते अखजी. वेळ उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. एका माणसाला दोन गऱ्या. मरळ एक ते दीड फूट, दिवसाला दोन. मांगूर, शिंगी, वाम मिळून चार. रोहू, कटला, मृगळ वजनावर, संस्थेच्या भावानं. पिल्लांच्या झुंडीवर गरी टाकू नये. थायी मांगूर व तिलापिया परत सोडू नये. दोरा-प्लास्टिक सोबत न्यावं. दारू पिऊन पाळीवर बसू नये."

आकडे तुमचे तुम्ही ठरवा. मोठा, वर्षभर पाणी धरणारा तलाव असेल तर दोनाच्या तीन मरळी चालतील. बोडीएवढं, म्हणजे लहान तळ्याएवढं, पाणी असेल तर हौशी गरीला मरळ पूर्ण बंद ठेवा.

आकडे बरोबर आहेत की नाही हे नोंदवही सांगते, म्हणून तिच्यावर कंजुषी नको. रकाने पाच पुरेत: तारीख, किती वेळ गरी टाकली, जात, लांबी, नेला की सोडला. सोडलेल्या माशाची नोंद नेलेल्यापेक्षा जास्त महत्त्वाची. लोक ती द्यायला कंटाळतात, म्हणून राखणदारानं निघताना विचारून स्वतः लिहावी. होळी झाली की संस्थेच्या चार माणसांनी वही उघडून बसावं. एका मरळीमागे गरी टाकण्याचे तास वाढत चालले असतील तर तलावात मरळ कमी होते आहे. सगळ्या नोंदी सव्वा फुटाच्या आत आल्या आणि दीड फुटाच्या वरची एकही सोडल्याची नोंद नाही, तर मोठ्या माद्या कोणीतरी नेतो आहे. लहान मरळी अजिबात दिसत नाहीत, तर गेल्या पावसाळ्यातली वीण फसली. तेव्हा काठ पाहा, बेशरमच्या झुडपांनी झाकला आहे का, पाणगवत उरलं आहे का. बेशरम मुळासकट काढून देवधान आणि पाणवनस्पती लावल्याशिवाय नुसत्या लांबीच्या नियमानं मरळ येणार नाही. अशा वर्षी आम्ही दिवसाची मर्यादा दोनाची एक करतो आणि फलकावर कारणही लिहितो. कारण लिहिलं की भांडणं कमी होतात.

दंडाबद्दल एवढंच, की तो पावतीच्या मागे छापलेला असावा आणि पहिल्या चुकीला मासा परत सोडायला लावणं, दुसऱ्या चुकीला त्या हंगामाची पावती बंद, एवढ्यावर ठेवावा. पैशाचा मोठा दंड लावला की राखणदारावर दबाव येतो, कोणाकोणाचे फोन येतात. राखणदार गावातलाच, तरुण, मासा ओळखणारा निवडा आणि त्याची मजुरी पावतीच्या पैशातून आधी बाजूला काढा, उरलेले बीजासाठी. पावतीचे दिवसाला ५० रुपये आम्ही घेतो, त्यावर आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पावती पुस्तक तीन प्रतींचं छापा: एक पाहुण्याला, एक संस्थेला, एक ग्रामपंचायतीला. छापखान्यात पोळ्याआधीच द्या, नवरात्राच्या तोंडावर तिथं दुसऱ्याच कामांची गर्दी असते.